दादाचा पहिला प्रश्न

खैरलांजीच्या घरी मी तांदूळ निवडत होते, तेव्हा बालाघाटहून भाचीचा, मुक्ताचा, फोन आला. "आत्या, बाबा गेले… झोपेतच." मग म्हणाली, "त्रास नाही झाला." थोरला भाऊ गेल्याचं ऐकून रडू येण्याआधी मला हायसं वाटलं, हे आज महिन्याभरानं लिहिताना लपवावंसं वाटत नाही.

मनोहरदादा मलाजखंडच्या तांब्याच्या खाणीत सर्व्हेअर होता. निवृत्त होऊन बालाघाटला आला आणि थोड्याच दिवसांत हिरड्यांतून रक्त येऊ लागलं, ताप हटेना. नागपूरला रक्ताचा कर्करोग निघाला, झपाट्यानं वाढणारा. उपचार ठरवण्यासाठी डॉक्टरीणबाईंनी त्या पेशींतले जीन तपासायला पाठवले. जीन आईबापांकडून मुलांकडे जातात, एवढं दादाला ठाऊक होतं. मुक्ताला तेव्हा दिवस गेले होते.

रिपोर्ट आल्यावर बाई समजावू लागल्या, की या पेशींत काही जीन फार जोरात काम करताहेत, असा आजार औषधांना सहजी दाद देत नाही… दादानं त्यांना मधेच थांबवलं. "माहं राहू द्या, मॅडम. हे माह्या पोरीले होईन का? तिच्या लेकराले?"

"नाही. हे तुम्ही जन्मतः आणलेलं नाही. नंतर, फक्त या पेशींत झालेला बदल आहे. तो मुलांकडे जात नाही."

हिंदीभाषक जावयाला नीट कळावं म्हणून दादानं ते पुन्हा हिंदीत सांगायला लावलं. मग खुर्चीला पाठ टेकली. "हौ… आता माह्याबद्दल सांगा."

तीव्र केमोत हाल जास्त, आशा कमी, असं त्या म्हणाल्या. दादानं सौम्य औषधं निवडली. "काहून?" वहिनीनं विचारलं. "मले घरी राह्यचं हाय. लेकराले पाह्यचं हाय." रिपोर्ट समोर होता, म्हणून आपण कमी पडलो ही रुखरुख आम्हाला उरली नाही.

औषधांनी तेवढी सवड दिली. नात झाली. संध्याकाळी तिला मांडीवर घेऊन तो गच्चीवर बसायचा आणि गोंदियाकडची गाडी दिसली की तिच्या कानाशी पुटपुटायचा, "आली पाह्य."

परवा मी बालाघाटला गेले, तेव्हा मुक्ता तिला घेऊन गच्चीवर उभी होती. गाडीची शिटी झाली. पोरगी मान वळवून कानाजवळ कुणाला तरी शोधू लागली… मुक्ता वाकली आणि हळूच म्हणाली, "आली पाह्य."