साडूचं स्टेअरिंग

माझ्या साडूविषयी माझ्या मनात काहीही नाही. पुंडलिकनगरातलं त्याचं घर माझ्या घरापेक्षा मोठं आहे, त्याचे केस अजून जागेवर आहेत आणि सासूबाई कन्नडहून आल्या की मुक्कामाला त्याच्याकडंच उतरतात. उतरू देत.

पण या साडूनं, विलासरावांनी, कार रॅलीचा व्हिडिओ गेम आणला आणि सासूबाईंनी फोनवर आमच्या हिला सांगितलं, "धाकले जावई लई भारी गाडी चालवतेत," तेव्हा मात्र मी रविवारी सकाळीच हिला घेऊन तिकडं गेलो. कन्नडचा घाट मी कामासाठी कायम चढतो-उतरतो. भारी कोण चालवतं, हा प्रश्नच नव्हता.

हॉलमध्ये टीव्हीसमोर टेबल, टेबलाला आवळलेलं स्टेअरिंग, खाली क्लच-ब्रेक. पडद्यावर जंगलातला मातीचा रस्ता. विलासराव सफाईनं गाडी पळवत होते आणि सासूबाई चिवडा खात कौतुकानं बघत होत्या. (माझ्या गाडीत त्या काही खात नाहीत. घाटात तर डोळेही उघडत नाहीत.)

"बसा दाजी," विलासराव म्हणाले. "सोपं लावून देतो. गाडी घसरली तर गेमच सांभाळून घेतो."

"तुम्ही कशावर खेळता?"

"मी पण सोप्यावरच. अवघड लावलं की लई खरं होतं सगळं. टायर, खडी, गाडीचं वजन..."

"मग तेच लावा. सगळ्यात खरं."

"दाजी, आधी ती खुर्ची..."

"लावा हो."

गेममधल्या गाडीत शेजारी बसलेला माणूस पुढची वळणं इंग्रजीत सांगत होता. मी लक्ष दिलं नाही (हिच्याकडंही देत नाही) आणि ॲक्सिलरेटर दाबला. पहिल्याच वळणावर गाडीचं मागचं अंग पुढं आलं. मी ब्रेक मारला.

खुर्ची चाकांची होती. ब्रेक दाबला तसा मी मागं सरकलो. गाडी थांबेना, म्हणून स्टेअरिंग घट्ट धरून पाय आणखी जोरात रेटला. स्टेअरिंग टेबलापासून सुटलं आणि ते हातात घेऊन मी गुळगुळीत फरशीवरून मागं मागं, थेट गॅलरीच्या दारात. तिथं उन्हाला सासूबाईंनी कुरडया वाळत घातल्या होत्या. आमच्या वाटणीच्या. (विलासरावांच्या आधीच डब्यात भरून झाल्या होत्या.) कुरडया मोडल्याचा आवाज बराच वेळ चालला.

पडद्यावरची गाडी झाडाला धडकून कधीच गप्प झाली होती. मी अजून स्टेअरिंग फिरवत होतो.

"अहो, थांबली गाडी," ही म्हणाली.

सासूबाईंनी चुऱ्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "जावईबापू, घरी जाताना गाडी तुम्ही नका चालवू."

"आई, हा गेम आहे."

"व्हय. पण सगळ्यात खरं लावा, असं तुम्हीच म्हणाले ना?"

हिनं माझ्यापुढं हात केला, चावी घेतली आणि विलासरावांना देऊन टाकली. आम्ही रिक्षानं घरी आलो, मांडीवर कुरडयांच्या चुऱ्याची पिशवी घेऊन.

दुसऱ्या दिवशी विलासराव गाडी घरी आणून सोडून गेले. तिच्यावर एकही नवा ओरखडा नव्हता. मी चारी बाजूंनी शोधला. खाली वाकूनसुद्धा.