एकदा चालू करून दाखवा

प्रशांतला गाडीवर कुणाच्या मागं बसायची सवय काही होत नाही. बसतो. उजव्या हातानं मागची कडी धरतो, कोपराखाली दुमडून पिन लावलेली डावी बाही पोटाशी घेतो, आणि पुढचा गाडी चालवत असताना हा मागून गिअर टाकत राहतो. तोंडानं.

"दुसरा टाक. अरे चढ आला, दुसरा टाक ना!"

"दादा, गाडी तू चालवतोस का मी?"

"तूच रे, तूच. म्हणून तर बोलतोय."

सिद्धगडाच्या पायथ्याकडच्या आमच्या वाडीत पूर्वी कुणाला अडलं-नडलं की हाक प्रशांतला जायची. फाट्यावर एसटी चुकली, प्रशांत. पोराला इंचू चावला, प्रशांत. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत निळा झेंडा लावून सगळ्यात पुढं त्याचीच गाडी. त्याची बायको वंदना सरकारी दवाखान्याची आशाताई आहे. तिला रोज सकाळी पाड्यापाड्यावर सोडायचं कामही त्याचंच. मग कारखान्यात प्रेस मशीनखाली त्याचा डावा हात गेला. दारात उभी असलेली गाडी त्याला बघवेना, म्हणून ती त्यानं बहिणीच्या घरी देऊन टाकली. वंदना आता खांद्याला पिशवी लावून रानातल्या वाटेनं पाडे चालत करते. संध्याकाळी ती पाय शेकत बसली, की हा उठून बाहेर जातो.

एके दिवशी तो मुरबाडला सावळारामच्या गॅरेजवर जाऊन बसला. सावळाराम जुन्या गाड्यांचा माणूस. नव्या गाडीवाल्याला तो सरळ समोरच्या दुकानात पाठवतो.

"सावळादा, एका हाताची गाडी बनवून दे."

"एका हाताची?" सावळारामनं पाना खाली ठेवला. "एका पायाची मागितली असतीस तर लगेच दिली असती."

"मस्करी नको ना."

"मस्करी नाय. उजव्या हातात काय असतं? रेस आणि पुढचा ब्रेक. तो हाय तुला. डाव्यात खरं काम एकच, क्लच. मग क्लचशिवाय चालंल अशी गाडी बघायला पायजे."

मग निवड सुरू झाली. मुरबाडमध्येच एक बुलेट होती. प्रशांतनं ती स्टँडवरून उतरवली आणि तिच्यासकट स्वतःही कलला. शहापूरला भंगारवाल्याकडं एक राजदूत होती. हलकी, सांगाडा अजून बरा. पण तिचा क्लच हातानंच दाबायचा. सावळाराम म्हणाला, तो पायावर घेता येईल, पण चढावर दगा देईल. घाट आमचा, दगा कुणाला परवडणार?

"राहिली येझदी," सावळाराम म्हणाला. "तिची किक आणि गिअर एकाच दांडीवर. पायानं गिअर दाबला, की क्लच आतल्या आत सुटतो. हात लावायलाच नको. तुझ्यासाठीच बनवली होती बघ, तुझ्या जन्माच्या आधी."

"मग तीच."

"तीच, पण कुठली? निम्म्या येझद्यांच्या दांड्या पोरांनी बदलून टाकल्यात. मूळची पायजे."

अशी मूळची गाडी आटगावच्या पुढं एका घरी असल्याचं कळलं. सकुबाईंची. त्यांचे मालक दामू तालुक्यातल्या हापश्या दुरुस्त करायचे. येझदीला लोखंडी गज बांधून गावोगाव फिरायचे. चार वर्षांपूर्वी छातीत दुखायला लागलं आणि गेले. गाडी तेव्हापासून पडवीत.

सावळारामनं टेम्पो काढला. वंदनाही निघाली.

"तू कशाला गो?" प्रशांत म्हणाला.

"मागं मला बसायचंय ना? मग शीट कशी हाय ते मी नको बघायला?"

शीट बघायला ती आलीच नव्हती. हा पडेल याची तिला भीती होती, आणि ती भीती तिनं अजून कुणाला सांगितली नव्हती. पण शहापूर गेल्यावर प्रशांत आपली बोटं मांडीवर आवळत-सोडत होता, रेस द्यावी तशी, ते बघून तिनं खिडकीकडं तोंड केलं.

सकुबाईंनी पडवीतलं पांघरूण काढलं. टाकी अशी चकचकत होती की तिच्यात कौलं दिसत होती. चाकाच्या तारेला गंज नाही. दोन्ही सायलेन्सर आरशासारखे.

"काकी, ही तर नवरी हाय!" सावळाराम म्हणाला.

"जपते रे बाबा. माणूस गेलं, मागं हीच राहिली." सकुबाईंनी पदरानं दिवा पुसला. "कुणाला पायजे?"

प्रशांत पुढं झाला. त्यांची नजर त्याच्या बाहीवर गेली आणि तिथंच राहिली.

"तू चालवणार?"

"हां काकी. पण तुमाला आधीच सांगतो, डावीकडचं हँडल कापायला लागंल. कोपर ठेवायला तिथं वाटी बसवायचीय. तशीच्या तशी ठेवतो असं खोटं नाय बोलणार."

सकुबाई डाव्या मुठीकडं बघत राहिल्या. रबर दामूंच्या हातानं गुळगुळीत झालं होतं.

"काप," त्या म्हणाल्या. "मूठ घेऊन मी काय करू? पण आधी एकदा चालू करून दाखवा. हिथं, माज्या दारात. मोबाईलात त्यांचे फोटो हायेत, आवाज नाय. न् हिचा बी नाय. लांबून ही वाजली की बाया हंडे घेऊन हापशीवर यायच्या. मला एकदा ऐकू द्या, मग न्या."

"एवढंच ना?" प्रशांतचा चेहरा असा फुलला, की वंदनानं नजर खाली घेतली. हात गेल्यापासून तसा तिनं तो पाहिला नव्हता.

सावळारामनं किकवर पाय ठेवला. दाबला. किक हललीच नाही. त्यानं अंगाचा सगळा भार टाकला. दगडावर पाय द्यावा तसं.

"थंड पडली असंल," प्रशांत म्हणाला.

"असंल."

सकुबाई शेजारी उभ्या राहून अभिमानानं सांगत होत्या, "काळजी घेतलीय हो मी. दर अमावस्येला धुते. नुसती वरून नाय, आतून पण. ह्या दोन्ही नळ्यांत पाण्याचा पाइप घालते, काळं सगळं भळाभळा बाहेर येतं. हे म्हणायचे, सकू, नळीला बाहेरून पुसून काय होत नाय, आतून पाणी खेळलं पायजे. हापशीचे पाइप असेच साफ करायचे ते. थांबा, चहा टाकते."

त्या आत गेल्या. सावळारामनं प्लग खोलला, भोकात टॉर्च मारला, मग तारेला फडकं गुंडाळून आत घातलं आणि बाहेर काढलं. फडकं गंजानं तांबडं झालं होतं.

"सायलेन्सरातून पाणी थेट इंजिनात," तो हळूच म्हणाला. "दर अमावस्येला. पिस्टन गंजून पार धरलाय."

"सुटंल ना?"

"गॅरेजवर खोलून, बोअर करून, सुटंल. चालंल पण. हिथं, आज? देव आला तरी नाय."

"दांडी?"

"दांडी मूळची हाय. अशी मला दुसरी म्हाईत नाय, प्रशांत." सावळारामनं फडकं खिशात कोंबलं. "सरळ सांग तिला. पाणी गेलंय, हिथं चालू होणार नाय, गॅरेजवर न्यायलाच लागंल. देईल ती."

"पाणी कसं गेलं विचारंल."

"विचारू दे की! तुमीच आतून धुतली म्हणून, असं सांग, झालं."



चहा आला. बशीत खारी पण होती. सकुबाईंनी आधी गाडीकडं बघितलं, मग तिघांकडं.

"काय रे? बोलत नाय का ती?"

"काकी," प्रशांत म्हणाला, "आमी असं करतो. गॅरेजवर नेतो, तिथं चालू करतो, आणि कापायच्या आधी हिथं आणून तुमाला ऐकवतो. माझा शब्द."

"ठाण्याचा एक आलेला, तो पण असाच बोलला. शब्द देतो म्हणाला." त्यांनी मान हलवली. "तू खोटा नाय, तोंडावरनं दिसतं. पण एकदा का ही दारातनं गेली, की मला आत बसवणार नाय. हिथं वाजली, तर मी हसत देईन. चालूच होत नाय म्हंजे झालंय तरी काय तिला? खरं सांग. एवढी जपली मी. माजं काय चुकलं का?"

सावळाराम चहात बघत होता. वंदनानं नवऱ्याकडं पाहिलं. आता बोलेल, असं तिला वाटलं. पुढचं सगळं त्याच्या त्या एका वाक्यापलीकडं उभं होतं. सकाळची वाट, पाडे, ती मागं बसलेली.

"नाय काकी," प्रशांत म्हणाला. "तुमचं काय चुकायचंय? वय झालं तिचं. माणसासारखंच."

"होय ना?" सकुबाईंचा जीव भांड्यात पडला. "मला वाटलंच. गारठ्यात अंग धरतं. मग असं करा, उन्हाळ्यात या. मी रोज उन्हात काढीन. तवर आणखी चांगली धुऊन ठेवते, आतून-बाहेरून."

सावळारामनं तोंड उघडलं. प्रशांतनं त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"ठेवा काकी. येतो."

त्यांनी तिघांना पिशवीभर वालाच्या शेंगा दिल्या. टेम्पो वळेपर्यंत त्या पडवीच्या खांबाला धरून उभ्या होत्या.

टेम्पोचा मागचा हौदा रिकामाच होता. गाडी बांधायला आणलेल्या दोऱ्या त्यात इकडून तिकडं घरंगळत होत्या. मग सावळारामच फुटला.

"शाणाच हायेस. निदान धुऊ नका म्हणायचं तरी! अजून दोन पावसाळ्यांत सगळंच जाईल, मग भंगारवाला पण विचारणार नाय."

"धुऊ नका म्हटलं असतं, तर का म्हणून विचारलं असतं तिनं."

"आणि तुझी गाडी?"

"बघू."

"बघू काय! खर्डीला एक हाय म्हणतात, पण नुसता सांगाडा."

"इंजिन?"

"इंजिन नाय."

"मग काय उपयोग."

सकाळी निघताना वंदनाच्या मनात होतं, गाडी न मिळाली तर बरं. आता गाडी मिळाली नव्हती, आणि तिला बरं वाटत नव्हतं.

"एक वाक्य बोलायचं होतं तुमाला," ती म्हणाली.

"हां."

"मग?"

प्रशांतनं रिकाम्या बाहीची पिन सारखी केली.

"हात गेला तेव्हा सगळे यायचे ना गो बघायला. मशीन जुनी होती, शेठनं लक्ष नाय दिलं, काय काय बोलायचे. मी हां-हां करायचो. मशीन चांगली होती. हात वाचवायची जाळी असते ती मीच वर केली, घाई होती म्हणून. सकाळी डोळा उघडला की पहिलं तेच आठवतं. हात नंतर आठवतो." त्यानं बाही पोटाशी घेतली. "तिचा नवरा गेलाय. निदान गाडी तरी आपोआप गेली असं असू दे तिला."

वंदनानं हे पहिल्यांदा ऐकलं. इतक्या वर्षांत ती शेठलाच शिव्या देत आली होती. सावळारामनं विनाकारण आरशात बघितलं आणि काच खाली केली. वारा आला. शेंगांच्या पिशवीचा ओला वास टेम्पोभर झाला.

पिशवी मांडीवर घेत वंदना म्हणाली, "आता पाइप लावून बसली असंल ती."

"बसू दे गो," प्रशांत म्हणाला.