किलोभराचा लॅपटॉप

चार माणसांच्या ऑफिसात किस्से किती होणार, असं तुम्हाला वाटेल. पण आमच्या पोंभुर्ण्याच्या ऑफिसात फाइलींपेक्षा किस्सेच जास्त! आम्ही गावांच्या वनहक्क दाव्यांसाठी जंगलाचे नकाशे करतो. जुने लॅपटॉप पाठीवर घेऊन डोंगर चढताना खांदे सोलून निघायचे. शेवटी छोटे, किलोभराचे लॅपटॉप आले. आमच्या ऑफिसातल्या रामटेके ताईंनी खोका उचलला आणि ओरडल्याच, "सर, डब्बा रिकामाच पाठवला का हो?"

त्याच ताई एकदा सावली गावच्या बसस्टँडवर घाबऱ्याघुबऱ्या झाल्या. लॅपटॉप नाही! सीटखाली पाहिलं, कंडक्टरला थांबवलं. मी म्हटलं, "ताई, खांद्यावर काय हाय?"

"अगाई! वजनच नाई लागून राह्यलं ना!"

आता दुसरी बाजू. कीबोर्ड एवढासा, आणि आमच्या गेडाम सरांची बोटं जाडजूड. एका गावाला निरोप टाइप केला, 'ग्रामसभेला सर्वांनी हजर राहावे.' बोट घसरलं आणि 'हजर'चं 'हजार' झालं! ग्रामसभेला जाऊन पाहतो तर काय, शाळेचं मैदान भरलेलं. पाहुणे, सोयरे, शेजारच्या टोल्या-पाड्यातलेही आणलेले. सरपंचबाई हात जोडून म्हणाल्या, "सर, हजार नाई जमले. पन घरी कोनाले ठेवलं नाई!"

त्या गावात कोरम पहिल्यांदाच पुरा झाला. सरांनी ती चूक आजवर कबूल केलेली नाही.

माझे साळभाऊ, म्हणजे साडू, वीज केंद्राच्या ऊर्जानगरला राहतात. त्यांचा लॅपटॉप म्हणजे पाटाएवढा, पंखा सुरू झाला की चक्कीसारखा आवाज. एकदा आमच्याकडे आले, माझा पाहून हसले, "हा लॅपटॉप हाय का पोराची पाटी?" खरं आहे, माझ्या लॅपटॉपवर मोठा नकाशा उघडायला लावला की चहा पिऊन होतो. पण त्याच दिवशी लाईट गेली. त्यांचा तासाभरात बंद! माझा सुरूच, संध्याकाळपर्यंत. शेवटी त्यांनीच विचारलं, "भाऊ, लाईट कवा येते?"

मी म्हटलं, "वीज तुमच्या गावात बनते, अन् मले विचारता?"

आणि मग ती सुनावणी. एका गावाचा तीन वर्षं अडकलेला दावा, आणि सुनावणी गावातच, भर सभेत. तालुक्याहून साहेब आले होते. म्हणाले, "हा नकाशा तुम्ही ऑफिसात बसून काढला असेल. गावाला तरी ठाऊक आहे का?"

सर म्हणाले, "पडद्यावर दाखवतो." पण प्रोजेक्टरची पिन जाईल असं भोकच या लॅपटॉपला नाही! जोडणीची वायर ऑफिसात राहिलेली. सरांना घाम फुटला.

तेवढ्यात पुढच्या रांगेतल्या एका बाईने लॅपटॉप एका हाताने उचलला, पाहिला आणि मागे दिला. मग तो फिरतच राहिला, या हातातून त्या हातात. "हा आपला नाला!" "इथी मोहाची झाडं!" "देवाची जागा कुठी हाय? हे पाह्य, हे!" सगळी सभा स्क्रीनवर वाकलेली.

साहेबांनी मान उंच करून पाहिलं. मग म्हणाले, "अहो, तो लॅपटॉप इकडे आणा."

शेवटच्या रांगेतून म्हाताऱ्या तनूबाईंचा आवाज आला, "थांबा ना साहेब, आमी आमचं जंगल पाहून राह्यलो!"

साहेब खुर्चीवरून उठले, चपला काढल्या आणि मागे सतरंजीवर जाऊन बसले.

तनूबाई शेजारणीला म्हणाल्या, "सरक वो थोडी. साहेबाले बी पाहू दे!"