कमावता पोऱ्या

खैरनार भाऊसाहेब कॉलेजातल्या पोराची हनुवटी चोळून बघायचे. दाढी टोचली की ओरडायचे, “हे लेकरू का? अरे, ह्याला लेकरं होतील!” आमचे वडील कामाला होते त्या कारखान्याचा जळगावात दवाखाना होता, तिथले ते हेडक्लार्क. पोरगा एकवीसच्या वर गेला की तो कॉलेजात शिकत असेल आणि बापाच्या जिवावर असेल, तरच त्याच्या आजारपणाचा खर्च कारखाना करायचा. कोण कोणाच्या जिवावर, हे ठरवणार भाऊसाहेब. मी पिंप्राळ्याच्या टपरीवर त्यांची नक्कल करायचो. मान तिरकी, आवाज नाकातून, “कारखाना लेकरं सांभाळतो, जावई नाही!” हमखास हशा.

एकच गोष्ट मला कधी जमली नाही. कोणाचं नाव कापायचं असलं की ते शहरी मराठी सोडून अहिराणीत शिरायचे. इतके गोड, की धुळ्याकडचा माणूस विरघळायचाच.

सुनील कॉलेजात माझ्या वर्गातला, एकवीस ओलांडलेला. त्याचे वडील, आबा, बॉयलरवर होते. सुनीलच्या किडनीचं ऑपरेशन मुंबईला करायचं होतं आणि भाऊसाहेबांच्या सहीशिवाय ते होणार नव्हतं. मी आणि आबांनी त्याला दोन्हीकडून धरून रांगेत उभं केलं. नेमके मागेच कौतिकनाना. त्यांची मुलगी सुनीलला द्यायचं चाललं होतं.

भाऊसाहेब हसले. “काय आबा, बरं शे ना? पोऱ्या हुशार दिखस. कमावस का काही?”

आता मागे होणारे व्याही. बाप कशाला नाही म्हणतोय? सुनील दोन पोरांच्या शिकवण्या घ्यायचा, तेवढंच. आबांनी छाती काढली. “कमावस ना, भाऊसाहेब! आपला पोऱ्या बसीसन खानारा नही.”

भाऊसाहेबांनी पेनाला टोपण लावलं. “वा! म्हणजे स्वतःच्या पायावर उभा आहे. चला, पुढचा.”

उभा! आम्ही हात सोडले असते तर फरशीवर पडला असता.

आबा गयावया करायला लागले. शिकवण्यांचे पैसे बसच्या पासालाच जातात, म्हणाले.

“मग तसं सांगा ना. मोठ्यानं. रांगेला ऐकू जाऊ दे. काय आहे तुमचा पोरगा?”

“बिनकामना शे.”

“मला कमी ऐकू येतं, आबा.”

“बिनकामना शे! मन्हा जीववर जगस!” आबा ओरडले. कौतिकनाना रांगेतून निघून गेले. सुनील भिंतीकडे बघत होता. भाऊसाहेबांनी सही ठोकली आणि आम्हा सगळ्यांना म्हणाले, “बघा, ह्याला म्हणतात बापाची माया.”

ऑपरेशन झालं, सुनील वाचला. पुढे त्यानं नाशिकला नोकरी धरली ती धरलीच. दिवाळीलाही घरी आला नाही.

भाऊसाहेब रिटायर झाले तेव्हा निरोपाला मी गेलो होतो. गळ्यात हार, डोळ्यांत पाणी. म्हणाले, “माझ्या एका सहीनं आबांचा पोरगा वाचला, मला आणखी काय पाहिजे?”

खोटं नव्हतं. टाळ्या सगळ्यांत आधी आबांनीच वाजवल्या.