परीक्षकाचा तिसरा शेरा

जनसंज्ञापन शिकवायला लागून मला अठरा वर्षं झाली होती, तेव्हा आमच्या धाराशिवच्या कॉलेजात तो रुजू झाला. ढोकीकडचा, सडपातळ, वयानं माझ्या निम्मा. पहिल्याच वर्षी स्टाफरूममध्ये म्हणाला, "मॅडम, ऊसतोड टोळ्यांतल्या व्हॉइस मेसेजवर पेपर लिहितोय." मी "छान" म्हटलं आणि वह्या तपासायला घेतल्या.

पेपर माझेही होते. पदोन्नतीला लागतात तेवढे, लागतात तसे. त्यातला एकही कुणी वाचल्याचं मला आठवत नाही.

काही महिन्यांनी एका नियतकालिकाकडून परीक्षणासाठी पेपर आला. लेखकाचं नाव झाकलेलं, पण दुसऱ्या ओळीतच मी ओळखलं. लेखक ओळखीचा आहे, मला हे काम नको, असं तिथंच कळवायला हवं होतं. मी वाचत गेले.

मुकादमाचा निरोप एकाच्या फोनवर येतो, पण ऐकते सगळी टोळी, असं त्यानं लिहिलं होतं. फोन उसाच्या मोळीवर ठेवतात, आवाज मोठा करतात. उत्तरही एकट्याचं नसतं; एक जण बोलतो, मागून बायका त्याला दुरुस्त करतात. मी अठरा वर्षं फळ्यावर बाण काढत आले होते: एका टोकाला निरोप देणारा एक, दुसऱ्या टोकाला घेणारा एक. ते इतकं लागलं की उठून पाणी प्यायले.

मग तीन शेरे लिहिले. नमुना अपुरा आहे. सैद्धांतिक चौकट ढिली आहे. आणि तिसरा: लेखकाची विषयाशी फार जवळीक असल्याने निष्कर्ष विश्वसनीय वाटत नाहीत. पाठवून दिलं तेव्हा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू!

आठवड्याभरानं तो तेच शेरे छापून माझ्याकडं घेऊन आला.

"मॅडम, इथं विचारायला तुमच्याशिवाय कोण आहे मला? पहिले दोन करतो कसंबी. पण हे तिसरं बघा. माझी आई टोळीत होती, हे मी कुठंच लिहिलेलं न्हाय. मग ह्यांना कळलं कसं?"

"भाषेवरून कळतं," मी म्हणाले.

"मग तसली वाक्यं काढून टाकू?"

हो म्हटलं असतं तर पेपर मेला असता. तो खाली मान घालून, पेन उघडून माझ्या उत्तराची वाट बघत होता.

"काढू नका," मी म्हणाले. "उलट आईचं सुरुवातीलाच लिहा. उघड."

सुधारलेला पेपर पुन्हा माझ्याकडंच आला. पहिल्या परिच्छेदात त्याची आई होती. अक्षरओळख नसलेली, पण मुकादम खरं बोलतोय का थाप मारतोय, हे नुसत्या आवाजावरून टोळीला सांगणारी. तो परिच्छेद मला जन्मात लिहिता आला नसता. आधीपेक्षा जास्त लागलं. मी 'स्वीकारावा' असं लिहिलं आणि पाठवून दिलं.

पेपर छापून आला. शेवटी आभार होते: आधी माझे, नावानं, मग त्या अनामिक परीक्षकाचे, 'नेमक्या सूचनांबद्दल'. अंक माझ्या हातात देताना तो म्हणाला, "परीक्षक कडक होते, पण माणूस चांगला असणार."

मी त्याचं अभिनंदन केलं. बाकीचं अजून सांगितलेलं नाही. परवा तो दुसऱ्या पेपरबद्दल बोलायला लागला, तर मी तास असल्याचं सांगून उठले. तास नव्हता.