माशाचं पोट

नाचणगावचे नरहरभाऊ सुतार पोरांच्या तान्ह्या पोळ्यासाठी लाकडी नंदी करतात. असे करतात, की आता हंबरेल असं वाटावं. "जिवंत वाटते जी!" हे त्यांनी उभ्या जन्मात इतकं ऐकलं, की त्यावरचा त्यांचा विश्वासच उडाला होता. "लाकूड हाय हे साऱ्यायले ठाऊक असते. बोलाले काय जाते?" असं ते मीराबाईंना, आपल्या बायकोला, म्हणत.

त्यांचा भाचा निशांत अंदमानात बोट चालवतो. हौशी लोकांना खोल समुद्रात मोठ्या माशांच्या शिकारीला नेतो. बोटीमागं दोरीनं लाकडी मासा ओढायचा आणि खऱ्या माशानं फसून त्यावर झडप घालायची, असा तो खेळ. गेल्या पोळ्याला आला तेव्हा तो म्हणाला, "मामाजी, एक मासा करून द्या ना."

समुद्र कधी न पाहिलेले नरहरभाऊ एकदम खुलले. "देतो! माशाले तोंडदेखलं बोलता येत नाई. तो चावला तं मी कारागीर."

शिवणीचं हलकं लाकूड, पोटात शिसं, पाठीवर निळी झाक, बाजूंना एकेक खवला कोरलेला. मीराबाई तर तो हातात घेताना दचकल्याच! मासा अंदमानला गेला आणि काही दिवसांनी निशांतचा फोन आला. "पोहते झकास, मामाजी. पण सुरमई खालून येते, पाहते आन् माघारी फिरते."

नरहरभाऊंचं जेवणातलं लक्ष उडालं. शेवटी तसाच दुसरा मासा करून ते वर्धा नदीवर गेले. मीराबाईंच्या हाती दोरी दिली आणि बुडी मारली.

"या वयात काय करून राह्यले जी? लोक हासतीन!"

भाऊंनी पाण्याखालून वर पाहिलं. डोक्यावर कोऱ्या लाकडाचा तुकडा तरंगत होता. नंदीचं पोट कोण बघतो? सगळे सुतार ते बिनरंगाचं सोडतात. सवयीचा हात माशालाही तिथंच थांबला होता.

"अवं, मी माशाले बैलच समजून राह्यलो होतो!" काठावर येऊन ते ठसका लागेपर्यंत हसले.

मग पोट चंदेरी झालं, आणि तो मासा रवाना झाला.

पावसाळ्याआधी निशांतनं तो परत पाठवला. रंग खरवडलेला, पोटात दातांच्या खोल खुणा. मीराबाई हळहळल्या, "काय हाल केले जी याचे! एवढी मेहनत!"

भाऊ त्या खुणांवरून बोट फिरवत राहिले. "चावली," ते म्हणाले, "पोटालेच चावली." आणि त्यांचे डोळे भरून आले.

त्यांनी तो दुरुस्त केला नाही. दुकानात खिळ्याला टांगलाय. यंदा नंदीचं पोटही ते रंगवतायत. गिऱ्हाईक नंदी उचलून "जिवंत वाटते जी" म्हणालं, की भाऊ मासा काढून उलटा धरतात आणि त्याचं बोट त्या खुणेवर ठेवतात.

"सुरमईले वाटलं होतं," म्हणतात.