शनीला निघालेली दगडाबाई

दगडाबाईला हसू आवरत नसे. बहात्तरच्या दुष्काळात रस्त्याच्या कामावर खडी फोडतानाही ती हसायची, आणि तिच्या टोळीतल्या बायका ऊन विसरून हातोडे चालवायच्या. त्याच दगडाबाईनं ऐंशीच्या दिवाळीत, परंड्याजवळच्या आमच्या गावातून, शनीला जायचं ठरवलं.

झालं असं. शाळेतले बलभीम गुरुजी गावच्या विकास सोसायटीच्या ओट्यावर सांगत होते, अमेरिकेचं यान शनीपाशी पोचतंय, आता त्यात माणूस नाही, पण पुढंमागं माणसंही जातील.

"यंत्राचं काय, ते जमंल," गुरुजी म्हणाले. "अवघड निराळंच हाय. जायलाच वर्षं लागणार. कोंडलेली माणसं एकमेकांच्या उरावर बसतील."

"शनीकडं आपणहून कोण जातंय?" सोसायटीचा शिपाई सोमलिंग म्हणाला. "तो घरी येतोय तेच लई झालं!"

"म्या जाते," दगडाबाई म्हणाली. "पाणी थोडं, जागा थोडी, एवढंच न्हवं? बहात्तर साल काढलंय की आमी!"

ओटा हसून लोटपोट झाला. गुरुजी मात्र ताडकन उभे राहिले. "मग करूनच बघू."

शाळेला सुट्टी होती आणि सोसायटीचं खताचं गोदाम निम्मं रिकामं होतं. गुरुजी, त्यांची बायको प्रेमाबाई आणि दगडाबाई, तिघांनी आठवडाभर आत राहायचं ठरलं. रांजण भरले, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी बांधली, मागं कुडाचा आडोसा केला. तेरखेड्याच्या फटाक्यांतले बाण भर दुपारी उडवून गावानं निरोप दिला. हलगी तर अशी वाजली की धुळाप्पाचा बैल दावं तोडून पळाला.

गुरुजींचा एकच कडक नियम होता. शनीवरून शब्द पोचायला जवळजवळ दीड तास लागतो, म्हणून बाहेरचं बोलणं सोमलिंगनं घड्याळ बघून दीड तासानंच खिडकीतून सांगायचं. आतलं उत्तरही तसंच.

दुसऱ्याच दिवशी सरुबाई आली. ती दगडाबाईची धाकटी जाऊ. दोघींचं अंगण एक आणि भांडण रोजचं. ती सोमलिंगपाशी तणतणली आणि उत्तराची वाट बघत शेंगा फोडत बसली. दीड तासानं सोमलिंग खिडकीशी गेला आणि धडा वाचावा तसं म्हणाला, "आक्का, मुसळ कुठं दडवलंस, तुझं वाटोळं व्हवो."

आत तिघं हसून खाली बसली. "माळ्यावर हाय म्हणावं," दगडाबाई कशीबशी म्हणाली. "आन् तुझंबी व्हवो!"

ते उत्तर येईस्तोवर सरुबाईचा राग पार निवला होता. सोमलिंगच्या त्या कोरड्या आवाजात आपली शिवी परत आलेली ऐकून ती एवढी हसली की सूपभर शेंगा सांडल्या. मग ती रोजच येऊ लागली. गावातल्या बायकाही तिच्यासंगं शिव्या पाठवायला यायच्या.

एकदा मात्र सोमलिंग म्हणाला, "आक्का, करंज्या केल्यात. तुझ्यावाचून गोड लागंनात."

दगडाबाई गुरुजींकडं वळली. "गुरुजी, हे ती दीड तासामागं बोलली व्हय? आन् मला आत्ता कळतंय?" ती एकाच वेळी रडत होती आणि हसत होती.

शेवटच्या दिवशी कुर्डुवाडीच्या गाडीनं पेपर आला, तो सोमलिंगनं खिडकीतून आत दिला. शनीच्या मोठ्या चंद्रावर दाट हवा असल्याचं त्यात होतं. गुरुजी वाचता वाचता नाचायलाच लागले. "तिथं वजन थोडं, हवा दाट! हाताला पंख बांधले तर माणूस उडंल, दगडाबाई!"

"मग बसलाव कशाला?"

प्रेमाबाईनं धान्य पाखडायची दोन सुपं तिच्या दंडांना बांधली. दगडाबाई खताच्या पोत्यांच्या थप्पीवर चढली, लुगडं खोचलं आणि सुपं फडफडवत उडी घेतली. धप्पकन ती रिकाम्या पोत्यांवर पडली, आणि नेमकं त्याच वेळी सोमलिंगनं दार उघडलं.

दारात सारा गाव. धुळीच्या लोटात सुपं लावलेली दगडाबाई हसत उठत होती.

"उडाले का ओ म्या?" तिनं विचारलं.

सरुबाई गर्दीतून धावत आत शिरली. "आक्का, एक सूप सोड," ती म्हणाली. "न्हाय, दोन्हीबी सोड. आता माझी पाळी!"